मधलं सगळं कापलं

विश्वास बसणार नाही, माहीत आहे. पण हे माझ्यासोबत घडलंय आणि ती फाइल अजून माझ्याकडे आहे.

रविवार. दुपारचे तीन. विद्यापीठातल्या आमच्या विभागाची रेकॉर्डिंगची खोली. जाड दार, भिंतींना फोम, एक माइक, एक खुर्ची. आत बसलं की स्वतःचं गिळणंही ऐकू येतं. सुट्टीला तिथे चिटपाखरू नसतं, म्हणून मी रविवार घेतला. तसंही रविवारी मला फोन करणारं आता कुणी नव्हतं.

आधी आई करायची. बरोबर तीनला.

कॉम्प्युटरला बोलायला शिकवायचं, हे माझं शिक्षण. त्यासाठी माणसांकडून वाक्यं वाचून घ्यावी लागतात. पहिल्या वर्षी मी आईलाच धरलं. फोनवरून दोनशे वाक्यं. 'पुढचे स्थानक डाव्या बाजूला येईल.' 'कृपया रांगेत उभे राहा.' बिचारी डबीतून चष्मा काढून तोंडी परीक्षेला बसल्यासारखी वाचायची. आणि प्रत्येक वाक्यानंतर नको ते विचारायची. जेवलीस का? खोकला गेला का? एकटीच आहेस का गं?

मी वैतागले होते. "आई, तू फक्त वाक्यं वाच ना."

नंतर फाइल साफ केली. आमच्यात तसंच करतात. वाक्यं ठेवायची, मधलं सगळं कापायचं. डिस्कवर जागा व्हावी म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसलं.

चार महिन्यांनी आई गेली.

आता माझ्याकडे तिचा आवाज आहे, पण रांगेत उभं राहा सांगणारा. 'जेवलीस का' विचारणारा एक तुकडाही नाही. माझ्याच हाताने घालवला. याची टोचणी अजून जात नाही.

तर त्या रविवारी तीच दोनशे वाक्यं मी स्वतः वाचली. नंतर कापायला सोपं जावं म्हणून प्रत्येक वाक्यानंतर पाच सेकंद गप्प राहिले. मग हेडफोन लावून ऐकायला बसले.

पहिलं वाक्य ठीक होतं.

मग पाच सेकंद शांतता… आणि त्यात कुणीतरी श्वास घेतला.

माझा नव्हता. माझा श्वास मी झोपेतही ओळखेन, वर्षभर रेकॉर्डिंगमधले श्वास कापायचंच काम केलंय.

दुसऱ्या वाक्यानंतर… चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज.

बाराव्यानंतर… अगदी पुसट… "जेवलीस का?"

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी मी रडले.

आवाज फार क्षीण होता. मला तो नीट ऐकायचा होता. म्हणून साफसफाईचं बटण दाबलं. ते मुख्य आवाज ठेवतं, बाकीचा कचरा काढून टाकतं. आणि सवयीने मूळ फाइलवरच सेव्ह केलं. पुन्हा तीच चूक.

परत ऐकलं.

आई स्वच्छ ऐकू आली. शेजारी बसल्यासारखी.

माझा आवाज मात्र… नव्हता.

दोनशे वाक्यं मी वाचली होती, एकही उरलं नव्हतं. माझ्या जागी नुसती शांतता. आणि प्रत्येक शांततेनंतर आई विचारत होती. जेवलीस का? मग जरा थांबून, एकटीच आहेस का गं? उत्तर नाही. पुढे पुढे तिचा आवाज बारीक होत गेला.

अगदी शेवटी ती म्हणाली, "बरं, मी फक्त वाक्यं वाचते… पण तू बोल ना गं."

मी घाईघाईने माइक चालू केला. म्हणाले, "हो आई, जेवले."

पडद्यावर आवाजाची रेघ हलायला हवी होती.

ती सपाटच राहिली…

तंत्रज्ञ येऊन माइक तपासून गेला. काही बिघाड नाही म्हणाला. इतर दिवशी माझा आवाज व्यवस्थित येतो, हे मीही पाहिलंय.

तरी दर रविवारी तीनला मी तिथे जाते. जेवले म्हणते, खोकला गेला म्हणते, ती विचारायची त्या सगळ्याची उत्तरं देते.

रेघ अजून एकदाही हललेली नाही.