नळीत राहिलेली तिसरी गोळी

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायच्या भानगडीत मी पडणार नाही. अख्खं पिंकनी खोरं तिथे हजर होतं आणि त्यातले निम्मे तरी शुद्धीत होते.

टेनेसीच्या पूर्वेकडचे डोंगर. गेल्या नोव्हेंबरातला एक शनिवार. रात्र वगैरे नव्हती. लख्ख दुपार होती, टेबलावर बीन्स आणि मक्याचा ब्रेड मांडलेला होता. भुताने यावं अशी परिस्थितीच नव्हती.

तरी आलं.

माझे आजोबा, एनोस, वसंतात वारले. मागे एक बंदूक ठेवून गेले. ठासणीची, चकमकीच्या ठिणगीवर उडणारी, खारी मारायची. गोळी वाटाण्याएवढी. ती त्यांनी आयुष्यभर कुणाला धरू दिली नाही. मला तर तोंडावर सांगितलं होतं, "टेनी, पोरींच्या हातून ही फुटायची नाही."

वर्नन काकाला ती त्याच्या खानावळीत हवी होती. सॅलडच्या काउंटरच्या वर, भिंतीला स्क्रूने आवळायला.

मला ती चालवायला हवी होती.

मग आमच्याकडे सगळं ठरतं तसंच हेही ठरलं. तीच बंदूक, प्रत्येकी तीन गोळ्या. आपापली फळी विस्तवावर काळी करून आणायची, तिच्यावर फुली कोरायची. फुलीपासून प्रत्येक भोकापर्यंत दोरा लावायचा. तिन्ही अंतरं मिळून ज्याचा दोरा आखूड, बंदूक त्याची.

काका आधी बसला. मेल्याने तिन्ही चांगल्या मारल्या.

मग मी. पहिली बरी लागली. दुसरीही. तिसरी जरा आत बसली की बंदूक माझी.

ओंडक्यामागे बसून मी ती भरायला घेतली. तेवढ्यात…

टक. टक.

माझ्या कानामागे.

नेम धरण्याआधी आजोबा कवळी दोनदा वाजवायचे. अगदी तोच आवाज. पण कवळी त्यांच्यासोबतच पुरली होती. तोंडात बसेना, म्हणून मीच ती त्यांच्या कोटाच्या खिशात घातली होती.

वळून पाहिलं…

कोणी नाही.

लक्ष सगळं त्या आवाजाकडे. गोळीला चिंधी लावली, गजाने ठासली. नळीबाहेरच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, टाकली. नेम धरला. चाप ओढला.

घोडा पडला. ठिणगी उडाली. रंजक पेटली.

फुस्स…

पुढे काहीच नाही.

"आत दारू घातलीस का गं, बाई?" काका फार गोड आवाजात म्हणाला.

पाहिलं तर दारूचं माप ओंडक्यावर भरलेलंच. मी दारू न घालताच गोळी ठासली होती. आमच्याकडे या मूर्खपणाला एकच शिक्षा असते. दिवस मावळेपर्यंत बदकाची टोपी घालून फिरायचं. काका टोपी घेऊन निघालाही होता.

"मी केव्हाच बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"टोपी इस्त्री करून आणली होती ना!"

न फुटलेल्या बंदुकीचा नेम फळीवरून हलवायचा नाही, असा नियम आहे. म्हणून मी तशीच धरून बसले होते.

टक. टक.

आणि बंदूक कडाडली.

काकाच्या हातातून टोपी पडली. बदक चिखलात.

फुलीच्या बरोब्बर मधोमध भोक होतं.

मोजणी कायम बर्डी मावशीकडे असते. ती दोरा घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. "लावायला जागाच नाही. टेनी जिंकली."

कोणी टाळी वाजवली नाही. टेबलाखालची कुत्री केव्हाच निघून गेली होती. ब्रेड सोडून.

बंदूक माझी झाली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

पण माझं डोकंच फिरलं. मेल्यावरसुद्धा म्हाताऱ्याचा माझ्या नेमावर विश्वास नाही!

शिवाय खांद्याला धक्का बसला नव्हता. बंदुकीच्या तोंडातून धूर नव्हता. नळी गार होती. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, त्याची खूण आम्ही गजावर कोरून ठेवतो. मी गज आत सोडला…

खुणेच्या वाटाणाभर अलीकडेच थांबला.

माझी गोळी अजून आतच होती.

"मावशी, ते भोक माझं नाही. माझी तिसरी अजून नळीत आहे."

"बंदूक फुटली, भोक पडलं. कोणी फोडली ते नियमात नाही. जिंकलीस, आता बस."

"आजोबांनी नाव कधी नोंदवलं?"

"अगं बये," काका पांढराफटक पडला होता, "बंदूक घे आणि घरी जा ना! मला नको ती!"

"तुला नको म्हणून मी नाही घेणार. जिंकून घेणार."

वाटीजवळच्या बारीक भोकातून मी चिमटीचिमटीने दारू आत सारली. अडकलेली गोळी अशीच काढतात. मग हवेला म्हटलं, "आजोबा, बाजूला सरका. ही माझी आहे."

नेम धरला.

कोपरावर कुणीतरी बोट ठेवलं… हळूच. डावीकडे दाबलं. चुकत असलेल्या पोराला सुधारतात तसं.

मी कोपर उलटं रेटलं.

"हात काढा!"

चाप ओढला. यावेळी धूर आला. धक्का बसला. दारू कमी पडली होती, गोळी खाली लागली.

बर्डी मावशीने दोन्ही दोरे शेजारी धरले. चष्मा पुसला. पुन्हा धरले.

"वर्नन. नखभर."

"मी हरलो!" काका ओरडला. "सगळ्यांनी बघितलं, मी हरलो!"

"जिंकलायस तू, गाढवा."

"मग दिली तिला! सॅलडवर मला माझा बाप नकोय!"

मी नखभर हरले, पण माझी मी हरले. बंदूक उचलली ती मीच.

संध्याकाळी मावशीने माझी फळी कुऱ्हाडीने फोडली. बाकीच्या तीन भोकांत माझ्या तीन गोळ्या. मधल्या भोकात काहीच नव्हतं. ते आरपारही गेलं नव्हतं.

आता दर शनिवारी मी त्याच बंदुकीने मारते. नेम सुधारलाय. कधीकधी गोळी अगदी फुलीत बसते. आणि फुलीत बसली की… मी फळीकडे जात नाही. आधी गज आत सोडते.

मागच्या शनिवारी फुलीत भोक पडलं आणि गज खुणेच्या अलीकडेच थांबला.

खोऱ्यात मी एकटीच होते. पळावंसं वाटलं, नाही असं नाही.

वाटीत नवी रंजक टाकली. कोपर घट्ट रोवलं.

"झालं तुमचं? आता माझी पाळी."