मागच्या खोलीतली जाऊ

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी तिने मुलीला कडेवर घेतलं, बादली उचलली आणि मागची खोली आवरायला निघाली. चादरी काढायच्या, उशांचे अभ्रे बदलायचे, फरशी पुसायची. नेहमीचंच काम. पण आज पाय जरा जड होते. निघताना पाहुणीने किल्ली हातात देत एक वाक्य टाकलं होतं, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना.

"तुमच्या जाऊबाई फार मायेच्या हो. काल आम्ही दुपारी लवकर परतलो, तर बाळाला मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या होत्या. आम्हाला बघून लगेच उठून गेल्या बिचाऱ्या."

तिचा नवरा आईबापांना एकुलता एक. जाऊ येणार कुठून?

घराच्या मागे कपड्यांच्या दोऱ्या ओलांडल्या की ती खोली. एक दार, एक खिडकी, एक पलंग. नवरा वायरमन, त्यामुळे दिवे-पंखे त्याने स्वतःच बसवले होते. खोली बांधून झाली त्या दिवसापासून घरात एकच घोळ चालू होता. दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना द्यायची, की वर्षाचा करार करून एकच भाडेकरू ठेवायचा? सासूबाईंना भाडेकरू हवा होता; रोज नवी तोंडं बघून त्यांचं डोकं उठायचं. नवरा म्हणायचा, तुम्ही दोघी काय ते ठरवा, मला दोन्हीकडून बोलणीच खायची आहेत. ती मात्र पाहुण्यांवर अडून बसलेली. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. भाडेकरू म्हणून एखादी एकटी, नीटनेटकी बाई आली म्हणजे? नवरा तिचा बल्ब बदलायला जाणार, मुलगी तिच्या अंगाखांद्यावर खेळणार. त्यापेक्षा पाहुणे बरे. आले, गेले, कुणाचा जीव गुंतत नाही. तिचा स्वभावच तसा. मुलगी सासूबाईंकडे बघून जरा जास्त हसली, तरी हिच्या पोटात दुखायचं.

त्यामुळे पाहुणीचं बोलणं ऐकून तिच्या मनात भूतबीत आलं नाही. आला तो नवरा.

संध्याकाळी तिने त्याचा शर्ट हुंगून पाहिला. घाम आणि वायरीचं रबर, बाकी काही नाही. आडून आडून विचारलं, तर तो हसत सुटला. दिवसभर खांबावर चढतो-उतरतो, म्हणाला, मला एक बायको झेपत नाही. सासूबाईंनी आतूनच टोला हाणला, की त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, बाई कुठून सापडायची? सगळे हसले. तीही हसली. पण रात्री मुलीला अंगावर घेतलं, तर मुलगी पिईना.

तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. आजारी नव्हती, रडतही नव्हती. पोट भरलेलं मूल जसं सुस्त हसतं, तशी हसत होती. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा ओघळ. आणि जावळाला एक वास. तेलाचा, पण त्यांच्या घरात कुणी लावत नसे त्या तेलाचा. त्याखाली नव्या भिंतीला येतो तसा ओला, गार वास.

पुढचे पाहुणे गेले, त्यांनीही तेच सांगितलं. लांब वेणीच्या बाई, बाळ अगदी चिकटून असतं हो त्यांना. तिच्या छातीत काहीतरी करपलं. भीती नव्हती ती. जळफळाट होता. माझं मूल, आणि चिकटायचं दुसरीला?

मग तिला एक गोष्ट आठवली. पाहुणे दुपारी बाहेर गेले की खोली आवरताना मुलीला त्या पलंगावर निजवून ती दोरीवर चादरी टाकायला जायची. जाताना तोंडातून निघायचं, "आलेच हं, बघा जरा हिच्याकडे." कुणाला उद्देशून नाही. माहेरी भरल्या घरात मूल खाली ठेवताना असंच म्हणायचे. कुणी ना कुणी ऐकायचंच. तीच सवय जिभेला लागलेली. घरात पाळण्यात किरकिर करणारी पोर त्या पलंगावर मात्र गप्प निजायची, याचं तिला इतके दिवस कौतुक वाटत होतं.

त्या दुपारी तिने मुद्दाम तसंच केलं. खोली रिकामी होती. मुलीला पलंगावर ठेवलं, ते वाक्य म्हटलं, चपला वाजवत दोरीपर्यंत गेली. तिथे चपला काढल्या आणि अनवाणी खिडकीशी परत आली.

बाहेर ऊन रणरणत होतं. पण खिडकीच्या गजांवर हात ठेवला, तर गज गार. आतून कुणीतरी गुणगुणत होतं. शब्द नाहीत, तोंड मिटून केलेला नुसता सूर, मूल थोपटताना येतो तसा. मुलगी कुशीवर होती, भिंतीकडे तोंड करून. तिचे ओठ हलत होते. चुटूचुटू... चुटूचुटू... घट्ट, समाधानाने. आणि तिच्या पलीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथली गादी खोल दबलेली होती.

ती धावत आत शिरली आणि मुलीला उचललं. मुलीने असा टाहो फोडला, जणू कुणी परक्या बाईने तिला आईपासून ओढून नेलं.

"माझी आहे ती," ती रिकाम्या पलंगाला म्हणाली. आवाज कापत होता, पण रागाने. "माझी... ऐकलंस?"

गादीचा दबलेला भाग हळूहळू वर आला. कुणी उठून उभं राहिल्यासारखा.

त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, खोली भाड्याने देऊन टाका, वर्षाच्या कराराने. पाहुणे बंद. नवरा चकित, सासूबाई खूश. तिचा हिशेब सरळ होता. पाहुण्यांमध्ये खोली अधूनमधून रिकामी पडते, आणि रिकाम्या जागेतच असलं काही बस्तान मांडतं. कायमचं माणूस आलं, रात्रंदिवस दिवा, चूल, आवाज असला, की त्या वेणीवालीला जागाच उरणार नाही. जाईल कुठेतरी. कुठे, याचा विचार तिने केला नाही.

एक टेलरबाई आल्या. एकट्या, नीटनेटक्या, अगदी तिला नको होत्या तशा. पण आता तिला त्यांचा हेवा वाटेना. करारावर सह्या झाल्या, शिलाई मशीन आत गेलं, आणि दिवसभर त्याचा खडखडाट अंगणात ऐकू येऊ लागला. ती मनातल्या मनात हसली. बस आता, राहा कशी राहतेस.

मुलगी मात्र अजूनही अंगावर पीत नव्हती. आणि अंग धरत होती.

आठवडाभराने, दिवेलागणीला, टेलरबाई मागच्या दाराशी आल्या. खोलीत काही त्रास नाही ना, असं तिने भीतभीतच विचारलं. छे हो, त्या म्हणाल्या, पडल्या पडल्या झोप लागते. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "फक्त एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. माझ्यामुळे त्या बाईंना खोली सोडावी लागली ना? मी मशीन आत आणत होते, तर त्यांनी दार धरून ठेवलं माझ्यासाठी. मग बोचकं काखेत मारलं, आणि या इथूनच... तुमच्या घरात गेल्या. मजेत आहेत ना आता?"

टेलरबाई गेल्या. तिने दार लावलं, कडी घातली, आणि मग वाटलं, कडी आतून घालून काय उपयोग.

सासूबाई देवळात गेलेल्या, नवरा कामावर. स्वयंपाकघरात अंधार उतरत होता. पण दिव्याच्या बटणापर्यंत हात जाईना. मुलगी कडेवर होती. ती एकाएकी आईच्या खांद्यावरून मागे वळली आणि खुदकन हसली. दोन्ही हात पसरले, आणि मुलं ओळखीच्या माणसाकडे झेपावतात तशी मागच्या मागे झेपावली.

तिने मुलीला घट्ट आवळलं. मागे वळून बघितलं नाही. "नाही..." ती पुटपुटली, "नाही द्यायची..."

मुलगी तिच्या हातातच होती. दोन्ही हातांत, घट्ट. पण तिचं वजन हळूहळू कमी होत चाललं होतं... मागून कुणीतरी मुलीच्या काखांत हात घालून, तिला अलगद उचलून घेतल्यासारखं.