शेजारच्या टार्गेटमधला बाण

वर्षाचा बाण सुटला, छान सुटला... आणि शेजारच्या टार्गेटमध्ये जाऊन बसला. तोही बरोब्बर मधोमध!

"वं माय! मन्हा बाण कथा गया?" ती ओरडली.

शेजारी उभा असलेला तरुण दुर्बिणीतून बघत होता. सावळा, उंच, टोपी मागे सारलेली. "आ तीर तमारुं छे?" त्याने गुजरातीत विचारलं, आणि मग एकदम हसला. "अगं, तू तर मराठी! अहिराणी ना? नवागामची?"

"आणि तुम्ही?"

"सुमित. इथेच सुरतेत, पर्वत पाटियाला राहतो. आई मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे माझी मराठी जरा पुस्तकी आहे, सांभाळून घे."

शिट्टी झाली तशी सगळ्यांबरोबर ती दोघंही बाण काढायला चालत निघाली. त्याने तिचा पिवळ्या पिसांचा बाण अलगद उपटला आणि स्वतःच्या भात्यात ठेवला.

"अहो, माझा आहे तो!"

"दुसऱ्याच्या टार्गेटमध्ये लागलेल्या बाणाला गुण शून्य, हे तुला माहीत आहेच. तुझ्या काय कामाचा? न बोलावता आलाय, पाहुणा आहे. राहू दे माझ्याकडे."

एरवी वर्षाने बाणासाठी भांडण उकरून काढलं असतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून एवढंच निघालं, "हरवू नका हं..." आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

सुरतेबाहेर, सचिन गावाच्या पुढचं ते मैदान तिला फार आवडायचं. शहरातल्या यंत्रमागांची खटखट तिथवर पोहोचत नसे. लांबलचक हिरवळ, पलीकडच्या टोकाला टार्गेटांची रांग, प्रत्येकावर वारा दाखवणारं इवलंसं निशाण. गेल्या वर्षी इथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा ती खेळाडूंना पाण्याच्या बाटल्या देत होती. परदेशी मुली रेषेवर इतक्या निश्चल उभ्या राहायच्या, की बघणाऱ्याने श्वास रोखावा! पाठीवर आपलं नाव लिहून त्याच रेषेवर उभं राहायचं, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. यंदाही ती स्पर्धा इथेच होती आणि संघात मुलींची एकच जागा उरली होती. निवड चाचणी तोंडावर आली होती.

आणि नेमका अशा वेळी हा सुमित शेजारी!

"तू दोरी ओढतेस ना, तेव्हा ती तुझ्या नाकाच्या शेंड्याला टेकते," तो एकदा म्हणाला.

"सगळ्यांच्याच टेकते."

"हो, पण तुझ्या दोरीचं नशीब बघ..."

"सराव करा!" ती फणकारली. पण कान तापले होते. खरं सांगायचं तर तो धनुष्य ताणायचा तेव्हा तीही चोरून बघायची. एरवी बडबड्या असलेला हा मुलगा त्या क्षणी इतका शांत व्हायचा, की तिला त्याचा अभिमानच वाटायचा. आपला कोण लागतो तो, हे मात्र ती मनाला विचारत नव्हती.

चाचणीचा दिवस उजाडला. मुलांची निवड आदल्या दिवशीच आटोपली होती आणि सुमित संघात आला होता. आज तो प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभा होता. वर्षाचे वडील, हिलालभाऊ, रात्रपाळी करून परस्पर आले होते, डोळे लाल, पण ताठ उभे.

शेवटची फेरी उरली. सहा बाण. वर्षा आणि बडोद्याची एक मुलगी, दोघींचे गुण सारखे. टार्गेटवरून परत येताना वर्षाने सवयीने एकेक बाण वाकवून पाहिला... आणि एक करकरला. तडा गेला होता! जादाचा बाण सकाळीच मोडला होता. हातात उरले पाच. दुसऱ्याचा मागावा तर लांबी वेगळी, वजन वेगळं. पाच बाणांवर जागा गेलीच म्हणायची.

"वर्षा!"

दोरीवरून एक हात पुढे आला. हातात पिवळ्या पिसांचा बाण होता, पुसून लख्ख केलेला.

"पाहुणा खूप दिवस राहिला," सुमित म्हणाला. "आता घरी ने त्याला."

"तुम्ही... हा रोज सोबत आणायचात?"

"रोज."

तिला एकदम भरून आलं. पण रडायला वेळ कुठे होता? पाच बाण गेले, चांगले गेले. सहावा तिने दोरीला लावला. खाडीकडून वारा आला, निशाण फडफडलं. ती थांबली. वारा पडला, निशाण लोंबलं, आणि तिने बाण सोडला.

मधोमध! स्वतःच्या टार्गेटमध्ये!

"मन्ही पोर!" हिलालभाऊ एवढ्या मोठ्याने ओरडले, की पंचही हसले.

दुसऱ्या दिवशी संघाचा सराव होता, आणि वर्षा आता संघात होती. मैदानाच्या कडेला देशोदेशीचे झेंडे चढत होते. सुमित पुन्हा शेजारीच होता. वर्षाने तोच बाण काढला, शांतपणे दोरी ओढली, आणि सोडला तो थेट त्याच्या टार्गेटमध्ये.

त्याने दुर्बीण खाली केली. मग आपल्या पुस्तकी तोंडाने अडखळत विचारलं, "वं वर्षा... तुन्हा बाण... कथा गया?"

"जथा जावाना व्हता, तथाच गया."

"म्हणजे, चुकला नाही?"

"पहिल्या दिवशी चुकला होता. तुझ्याकडे बघत होते म्हणून." ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली. "आज टार्गेट बघून मारलाय. परत देऊ नकोस."