तीनपैकी मोठा आकडा

आमच्या वॉर्डात डोकं तीनदा मोजतात. कपाळाचा उंचवटा, कानांच्या वरून, मागचं सगळ्यात बाहेर आलेलं हाड. टेप आवळायची आणि आकडा वाचायचा. तिन्हींतला मोठा असेल तोच तक्त्यावर जातो. नव्या नर्सना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. कुणी सरासरी काढायला गेली तर तिची खैर नसते.

इथे येणाऱ्या मुलांच्या डोक्यात पाणी साठलेलं असतं. मेंदूतल्या पोकळ्यांमधून पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, ते तुंबतं आणि डोकं वाढत जातं. टाळू ताठ होते. बुबुळं खाली ओढली जातात आणि मुलाला वर बघताच येत नाही. सर्जन कवटीला शर्टाच्या बटणाएवढं छिद्र पाडतात, पेन्सिलीहून बारीक दुर्बीण आत सरकवतात आणि पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला नवी वाट करून देतात. सगळं धड झालं तर पाऊण तासाचं काम. दोन-तीन दिवसांत टाळू मऊ पडते आणि डोळे वर येतात.

माझ्या मुलीच्या वेळी आमच्याकडे ही दुर्बीण नव्हती. पण दोष दुर्बिणीचा नाही. तिचं डोकं मी घरीच मोजायचे, तीनदाच मोजायचे आणि लहान आकडा लिहायचे. नर्स असून! दर वेळी अर्धा-पाऊण सेंटिमीटर. तक्त्यावरची रेघ कशी छान वळणात राहिली. डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. तिचे डोळे खाली वळले तेव्हा उशीर झाला होता. ती चौदा महिन्यांची असताना गेली. शेवटची नोंद चोपन्न. डोकं तिला पेलायचं नाही, म्हणून ती कायम माझ्या डाव्या खांद्यावर असायची, मानेखाली माझा तळवा. शेवटचे चार महिने तिने माझ्याकडे वर पाहिलंच नाही. अकरा वर्षं झाली. एकदा तिने वर बघावं, एवढंच मला अजून हवं आहे.

सुरुवात सात महिन्यांच्या एका बाळापासून झाली. ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी त्याचे डोळे वर आले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर पाहिलं आणि बोळकं पसरून हसलं. माझ्यामागे खिडकी होती. मूल उजेडाकडे बघणारच.

पुढच्या आठवड्यात दुसरं बाळ तिथेच बघून हसलं. त्या वेळी मागे कपाट होतं. तिसऱ्याच्या वेळी मी पडदा ओढला आणि मुद्दाम खाटेभोवती चक्कर मारली. नजर माझ्याबरोबर फिरली, पण माझ्या तोंडावर एकदाही आली नाही.

"सिस्टर, मेहनत माझी आणि हसू तुम्हाला," सर्जन म्हणाले. "तेही धड तुम्हाला नाही. मागे कुणाला उभं करता हो?"

मी हसले. वॉर्डातल्या मावशी हसल्या नाहीत. पंधरा दिवसांपासून त्या फरशी पुसताना माझी डावी बाजू टाळून, वळसा घालून जात होत्या. मी कारण विचारलं.

"उगीच धक्का लागायला नको," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

त्यांनी बादली उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेल्या.

मग 'रेडिओ' आली. चार वर्षांची मुलगी. भूल उतरल्यापासून तोंडाला टाळा नाही, म्हणून मावशींनीच हे नाव ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिची पट्टी बदलत होते. ती बोलता बोलता थांबली.

"सिस्टर, तिचं कधी करणार?"

"कुणाचं गं?"

"बाळाचं." तिने माझ्या खांद्याकडे बोट केलं. "माझं डोकं आता दुखत नाही. तिचंपण करा ना. ती नुसती खालीच बघते."

मी पट्टीची चिकटपट्टी कापली. सवयीचं काम होतं.

"तिला जरा खाली ठेवा ना," रेडिओ म्हणाली. "तुमचा हात नाही दुखत?"

"नाही," मी म्हटलं.

मग पाहिलं. चिकटपट्टी मी एकाच हाताने कापली होती. डावा तळवा खांद्यापाशी वर धरलेला होता, बोटं किंचित वाकवून. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

तपासणीच्या खोलीत कुणी नव्हतं. ऊन टेबलावर आलं होतं. मी दार लावलं, खिशातून टेप काढली आणि खांद्याच्या वर, रिकाम्या जागी तिचा वेढा घातला.

आवळली.

टेप अडली.

साठ. सोडली, पुन्हा घातली. साडेसाठ. तिसऱ्यांदा एकसष्ट.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते इतकंच, की बाई गं, किती जड झालीस, आणि तुझ्या आईला पत्ताही नाही.

तिचा जुना तक्ता माझ्या खणात असतो. तो काढला. चोपन्नच्या ठिपक्यापुढे अकरा वर्षं कोरी होती आणि वरची सगळ्यात शेवटची रेघ अठ्ठावन्नला संपत होती. रेघांच्या बाहेर, कोऱ्या कागदावर मी ठिपका दिला आणि शेजारी एकसष्ट लिहिलं. या वेळी मोठा आकडा.

मग पेन ठेवून बोट अलगद टाळूवर टेकवलं. कोमट होती. आणि ताठ.