तिला उकडतं गं

लाइट येईपर्यंत पंखा काही फिरायचा नाही. तेव्हा बस इथेच, कंदिलापाशी. तू विचारलंस ना, "मावशी, आईने आजोबांची गाडी तुला का देऊन टाकली?" सांगते. मध्ये बोलू नकोस, आणि मी तुझ्या आईला ताईच म्हणणार, सवय आहे.

बाबा गेल्यावर ताईने आपण होऊन गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच वापर," म्हणाली. मला वाटलं, आलं पुन्हा उरलंसुरलं धाकटीच्या पदरात. तिचे फ्रॉक मीच घातले, तिची सायकल मीच झिजवली. आणि गाडीत पुढची जागा कायम तिची. दोघी लेकुरवाळ्या झालो, तरी तिचीच. गाडी चालवताना बाबा स्वतःसमोरची एसीची जाळीसुद्धा तिच्याकडे वळवायचे. "तिला उकडतं गं," म्हणायचे. मी मागे घामाने चिंब. मला काय उकडत नव्हतं?

तर त्या दुपारी मी गाडी घेऊन एसीवाल्याकडे गेले. एसीतून नुसती गरम वाफ यायची. हा माणूस इतका सावकाश, की सगळे त्याला थंडोबाच म्हणतात. त्याने गॅस तपासला, भरलेला. कॉम्प्रेसर चालू. फिल्टर स्वच्छ. मग जाळीत थर्मामीटरची कांडी खोचून तो माझ्या जागेवर बसला, आणि आकडा भराभर खाली आला.

"मॅडम, फ्रिज आहे हा. तक्रार कसली?"

मी बसले. आकडा चढला. तोंडावर पुन्हा तीच वाफ.

"आतली झडप अडकत असेल," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांत होतं असं. एका बाजूला गार, एका बाजूला गरम." त्याने डॅशबोर्डचा खालचा भाग उघडला, आत हात घालून झडप हलवली. ती लोण्यासारखी फिरली. मग त्याने मला डावीकडे बसवलं आणि स्वतः उजवीकडे आला. आता डावीकडे गरम, उजवीकडे गार. पुन्हा जागा बदलल्या. पुन्हा तेच. मी जाईन तिथे गरम.

थंडोबा बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला.

"गाडीत बिघाड नाही, मॅडम... आधी कोण चालवायचं?"

"वडील."

त्याने बॉनेट लावून टाकलं.

तिथून मी तडक ताईकडे गेले. तू ऑफिसात होतीस. बाहेर डांबर पाघळत होतं आणि ही बाई दारात स्वेटर घालून उभी. मी घडलं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चप्पल घातली, खाली आली आणि गाडीत आपल्या नेहमीच्या जागी बसली. "लाव," म्हणाली. "बघच एकदा."

मी गाडी सुरू केली. चारही जाळ्यांच्या पट्ट्या कट... कट... करत वळल्या. एकेक करून. सगळ्या तिच्याकडे. गाडीभर लवंगेचा वास पसरला, बाबा तोंडात धरायचे त्या लवंगेचा. तिचा पदर फडफडायला लागला.

"बंद कर," ताई म्हणाली.

मी किल्ली काढून घेतली. इंजिन थांबलं. हवा थांबली नाही.

"घरी पण येते," ताई हळूच म्हणाली. "पंखा बंद, खिडक्या बंद... तरी तोंडावर येते. रोज जास्त गार. म्हणून गाडी तुला दिली गं. वाटलं, गाडीबरोबर जाईल..."

मी घाबरायला हवं होतं. पण सरळ सांगते, माझ्या पोटात दुखलं. आजारपणात बाबांच्या उशाशी बसायला मी, औषध पाजायला मी, कूस वळवायला मी. आणि मेल्यावरसुद्धा तिलाच उकडतं? काचेकडे बघत मी म्हटलं, "बाबा, एकदा इकडे वळवा ना... एकदाच." एकही पट्टी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. ताई झोपेतच गेली, ते तुला ठाऊक आहे. पण मी खोलीत शिरले तेव्हा तू स्वयंपाकघरात रडत होतीस, म्हणून एक गोष्ट तू पाहिली नाहीस. खोली बंद होती, वारा औषधालाही नव्हता, आणि ताईच्या कपाळावरची बट हलत होती. मी बोटांनी दाबून धरली. सोडली की पुन्हा हलायची.

खूप रडले मी. माझी एकुलती एक बहीण ती. पण रडता रडता मनात हेच, की तिथेही पुढची जागा हिनेच पटकावली.

तेव्हापासून मी रोज दुपारी गाडीत जाऊन बसते. इंजिन बंद, काचा वर. तुझे काका म्हणतात, डोकं फिरलंय हिचं. फिरू दे. आता तर ताईही नाही मध्ये. कधी ना कधी वळतीलच माझ्याकडे. म्हणून गाडी विकत नाही.

अगं, पण तू अशी अंग चोरून का बसलीस? शाल कशाला? माझी इथे पाठ भिजलीये घामाने... काय? कुठून येतेय म्हणालीस?

समोरून?

नाही... तू काही बोलू नकोस. ऊठ. आधी ऊठ तिथून. तिथे मी बसते.