तिसरं तिकीट

शिंपीणबाईचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दुपारचं शिवणकाम आटोपलं की ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेई. दोघांचं सगळं सुख त्यात होतं: सर्कशीची, नाटकाची, नावेची तिकिटं. त्याचं वर, तिचं खाली, आणि दोहोंना मिळून एक टाचणी, ही तिचीच पद्धत. जोडी हातात धरून डोळे मिटले की नाव डुलू लागे, आणि तो शेजारी बसून तिला शेंगा सोलून देई. लोक म्हणत, बाई सावरली. सावरली कसली, ती रोज दुपारी त्याला भेटून येत होती!

त्या दिवशी नावेच्या टाचणीला तीन तिकिटं निघाली.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिन्हींचे आकडे लागोपाठचे, तिन्हींचा रंग सारखाच उडालेला. सर्कशीची पाहिली... तीन. नाटकाचीही तीनच.

पहिला संशय अर्थातच धाकट्या नणंदेवर. ती खालच्या मजल्यावर राहायची आणि नको तिथे नाक खुपसायची.

"माझ्या डब्याला हात लावलास?"

"मी कशाला लावू, वहिनी?" नणंद जिन्यातच थबकली. "काय झालं?"

"तिकिटं तीन-तीन आहेत."

"मग तीनच असणार ना. तुम्ही तिघं तर..." तिने जीभ चावली. "जाऊ दे. दादा गेला, आता कशाला ते."

"तिघं कोण?"

"तू, दादा आणि... अगं, ती नाही का..." नणंद कपाळ चोळत राहिली. नाव काही आठवेना. हळूहळू तिचाच चेहरा उतरला आणि ती खाली गेली.

संशयाला औषध नसतं. शिंपीणबाईने दार लावून नावेची तिकिटं घट्ट धरली. नाव डुलली. तो शेंगा सोलत होता, पण हात पलीकडच्या बाजूला जात होता. तिकडे कुणीतरी पाठमोरी बसली होती. ओल्या केसांचा वास येत होता...

"माझ्या डोळ्यांदेखत!" ती रडत ओरडली. मेलेल्या माणसाला जाब तरी कसा विचारायचा?

तिने शेगडी पेटवली. भराभर टाचण्या उपसल्या, प्रत्येक जुडग्यातलं शेवटचं तिकीट ओढून जाळात टाकलं. आपल्या संसारात तिसरी नको.

मग शांत होऊन तिने नावेची जोडी हातात घेतली. तो दिसला. त्याला खेटून ती बाई बसली होती. बाकी नाव रिकामी. सर्कशीत दोनच खुर्च्या, आणि दोन्ही भरलेल्या. नाटकातही ती स्वतः कुठेच नव्हती. तेव्हा तिला आठवलं. तिचं तिकीट नेहमी तळाला असायचं. संतापाच्या भरात ती आपलीच पद्धत विसरली होती. आगंतुक तिकीट मधलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. दार ढकलून नणंद आत आली.

"वहिनी, जळका वास कसला गं?"

तिने सांगायला तोंड उघडलं. पण नणंद तिच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती खिडकीजवळच्या खुर्चीकडे.

"काही नाही गं," खुर्चीतून अगदी शिंपीणबाईच्याच आवाजात उत्तर आलं. "जुने कागद होते, जाळून टाकले."

"बरं केलंस," नणंद म्हणाली, आणि तिच्या अंगावरून जाऊन खुर्चीपाशी बसली.