तीन बाळं रडली नाहीत

इंदुताई नर्स बैलगाडीतून उतरल्या तेव्हा गुणवंतराव पाटलांच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. मधोमध धुरपता सुईण मान खाली घालून बसली होती.

चार महिन्यांत पाटलांच्या भावकीत तीन बाळं जन्मली. तिन्हींच्या माना लुळ्या, नजर ठरत नव्हती, आणि एकही धड रडलं नव्हतं. पाळणे हलत होते आणि घरं गप्प होती.

"तिन्ही हिच्याच हातचे," पाटलीण रुखमाबाई म्हणाली. "करनी केली हिनं. आज गावाबाहेर काढतो."

"मासे धरणाऱ्या बुधरीचं बाळंतपण कोणी केलं?" इंदुताईंनी विचारलं.

"हिनंच."

"तिचं पोर कसं आहे?"

"चांगलं खेळून राह्यलं."

इंदुताई आत गेल्या. पाटलांची धाकटी सून गोकुळा, पाच महिन्यांची पोटुशी, धान भिजवत होती. पाणी गुलाबी झालं होतं.

"हे कोणतं धान?"

"बियान्याचं, बाई. पाचवा लागला का सासूबाई याचे पोहे कांडून रोज खीर देते. बियानं उगवते तसं पोट उगवते म्हनते."

"त्या तिघींनी खाल्ली?"

"भावकीत सगळ्याच खाते. बुधरीले कुठचं बियानं? तिले शेतच नाई."

मागच्या गोठ्यात बियाण्याची ढोली, बांबूची मोठी कणगी होती. तिच्या शेजारी उभ्या बैलांना मुसकी बांधलेली.

"इथी मुसकी काऊन?" इंदुताईंनी तिथल्याच बोलीत विचारलं.

"मालकाचा हुकूम," मागोमाग आलेली रुखमाबाई म्हणाली.

इंदुताई अंगणात परतल्या. "पाटील, शहरातल्या व्यापाऱ्यानं बियाणं देताना काय सांगितलं होतं?"

गुणवंतराव म्हणाले, "किडीचं जहर लावलं हाय. ढोरायले तोंड लावू देऊ नका."

"घरात सांगितलंत?"

"पेरनी आमी करतो. बायांले काय सांगाचं?"

"ढोली कोण सांभाळतं?"

"बायाच," पाटील म्हणाले.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देत होता तुम्ही," इंदुताई म्हणाल्या. त्यांना राग आवरेना. "धुरपतानं चारही बाळंतपणं केली. बिघडली ती फक्त खीर खाल्लेल्या घरांत. पाणी गुलाबी होतं ते त्या जहरानंच; भिजून ते दाण्यात मुरलं. आईच्या बोटांना नुसत्या मुंग्या येतात, पण पोटातल्या जिवाचा मेंदू जातो. नमुना नागपूरला पाठवते, पण माझी खात्री आहे. पाटलांना जहर ठाऊक होतं. बैल जपले, सुनांना जपायचं राहिलं."

"म्याच भरवली," रुखमाबाई पुटपुटली. "माया करून."

दारात उभ्या गोकुळाचे हात ओले होते. "मी पाच दिसांपासून खाऊन राह्यली," ती म्हणाली. "माहं लेकरू रडन ना?"

धुरपता जागची उठली आणि तिच्याजवळ जाऊन तिचे ओले हात आपल्या पदरानं पुसू लागली.